सीडीआयच्या पोटात काय असतं?

किक मारून मारून पाय दुखतो, गाडी काही सुरू होत नाही. गॅरेजवाला म्हणतो, ‘सीडीआय गेलाय.’ आपण मुकाट्यानं पैसे मोजतो आणि तो नवी काळी डबी बसवतो. त्या डबीच्या पोटात एक छोटा कपॅसिटर दोनशे-तीनशे व्होल्टपर्यंत भरतो आणि नेमक्या क्षणी इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो. कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहतात, प्लगवर ठिणगी पडते. अनेक छोट्या गाड्यांत इंजिनाच्या दर फेऱ्याला हे घडतं. मिनिटाला सहा हजार फेरे धरले, तर सेकंदाला शंभरदा. आणि तेही वर्षानुवर्षं! हे काम निमूटपणे करणारा स्विच म्हणजे एससीआर, अर्थात थायरिस्टर.

हौशी मंडळी हाच खेळ मोठा करतात: कॉइलनं खिळा आत ओढायचा, अ‍ॅल्युमिनियमची कडी उडवायची. ४०० व्होल्टला भरलेल्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ८० ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे एक किलोचं वजन आठेक मीटर उचलण्यापुरती. ऐकायला किरकोळच. पण १०० मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये ती सोडा. वायरींचा रोध बाजूला ठेवला, तर अर्ध्या मिलिसेकंदात करंट साडेबाराशे अँपिअरच्या पुढे जातो. घरातल्या मेन एमसीबीवर साधारण ३२ किंवा ४० आकडा असतो, तो आठवा.

पुश बटण किंवा रिले इथे का चालत नाही, ते यावरून कळतं. दोन संपर्क पहिल्यांदा टेकतात ते अगदी हलके, सुईच्या टोकाएवढ्या जागेत. तेवढ्या धातूतून हजार अँपिअर गेले की तो वितळतो आणि संपर्क एकमेकांना वेल्ड होतात. बटण सोडलं तरी स्विच चालूच.

थायरिस्टरमध्ये हलणारं काहीच नाही. सिलिकॉनचे चार थर, आणि ‘गेट’ नावाच्या टोकाला दिलेले काही मिलिअँपिअर. दोन पेन्सिल सेल आणि एक रेझिस्टर तेवढं सहज पुरवतात. गेटचा इशारा मिळाला की आतले थर एकमेकांना चेतवत राहतात. मग गेट सोडून दिलं तरी करंट वाहतच राहतो. तो जवळजवळ शून्यावर आला, तरच थायरिस्टर बंद होतो. जनरल इलेक्ट्रिकनं हा भाग १९५७ च्या सुमारास पुढे आणला आणि अजून त्याला तोड नाही, निदान झटक्याच्या कामात तरी.

त्याची एक दुखरी बाजू डेटाशीटमध्ये di/dt, म्हणजे करंट चढण्याचा वेग, या नावानं दडलेली असते. वहन आधी गेटजवळच्या चिमुकल्या भागात सुरू होतं आणि मग सिलिकॉनभर पसरतं. जत्रेत एकच तिकीटखिडकी उघडावी आणि सगळी गर्दी तिथेच तुटून पडावी, तसा करंट फार वेगानं चढला तर तेवढाच भाग जळतो. सुदैवानं कॉइल स्वतःच करंटला एकदम चढू देत नाही. आमच्या उदाहरणात चढण्याचा वेग मायक्रोसेकंदाला चार अँपिअर, म्हणजे थायरिस्टरला सहज झेपणारा.

मग खिळ्याचं काय? तो कॉइलच्या मधोमध पोहोचला तरी करंट चालू राहिला, तर तीच कॉइल त्याला मागे ओढते. थायरिस्टरला ‘थांब’ म्हणता येत नाही. इथे मोह होतो आयजीबीटी या दुसऱ्या स्विचचा. चेन्नईत जन्मलेल्या, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या बी. जयंत बालिगांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये तो घडवला. त्यासाठी त्यांना २०२४ चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. तुमच्या इंडक्शन शेगडीतही तोच असतो. तो हवा तेव्हा बंद होतो खरा, पण कॉइलमधला करंट असा तोडला की व्होल्टेज उसळतं. त्याला डायोडची वाट दिली नाही तर आयजीबीटीचाच बळी जातो. शिवाय करंट झेपेनासा झाला की त्याच्यावरचं व्होल्टेज चढतं आणि तो क्षणात भाजून निघतो. नवशिक्यानं आधी थायरिस्टरच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. खिळा मधोमध येईपर्यंत करंट ओसरेल असे कपॅसिटर आणि कॉइल निवडावेत.

एक गोष्ट मात्र आधी करा. कपॅसिटरला १०० किलोओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा. चार्जर काढल्यावर आठ-नऊ मिनिटांत व्होल्टेज तीनच्या खाली येतं. तरीही हात लावण्यापूर्वी मीटर लावून बघायचंच. एवढा कपॅसिटर जीव घेऊ शकतो.

कपॅसिटर आणि कॉइलचा हाच खेळ वैद्यकातही पोहोचला. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल धरली, तिच्यात कपॅसिटर रिकामा केला आणि कवटीला धक्का न लावता, मेंदूला चेतवून हाताचे स्नायू हलवून दाखवले. आजच्या अशा अनेक यंत्रांत थायरिस्टरच्या शेजारी एक उलटा डायोड असतो. करंट कॉइलमधून जातो, उलट फिरून परत येतो आणि बरीचशी ऊर्जा कपॅसिटरमध्ये पुन्हा जमा होते. परतीचा प्रवास डायोडमधून होतो. तेवढ्या वेळात थायरिस्टर आपला आपण बंद झालेला असतो.