घागर, गुडघा आणि मोटार

डोक्यावर भरली घागर घेऊन पाणवठ्यावरून येणारी बाई आपण नेहमी पाहतो. वाट दगडाधोंड्यांची, पण पाणी हिंदकळत नाही. डोळे पुढचा दगड हेरतात, गुडघा आपसूक लवतो. मोटारीला एवढेच शिकवायचे, तर इंजिनिअरांना कित्येक वर्षे खर्ची घालावी लागली!

जीपच्या खाली पाटे आणि शॉकअप असतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पाटा गचका झेलतो. मग तो झोपाळ्यासारखा हलत राहू नये म्हणून शॉकअप ते हलणे जिरवतो. पण पाटे नरम ठेवावेत तर वळणावर गाडी कलते, आणि कडक ठेवावेत तर पाठीचे हाल.

१९७४ साली अमेरिकेत डीन कार्नॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीची कल्पना मांडली. शॉकअपचे एक टोक आभाळाला अडकवले तर? चाक खालीवर होईल, गाडी मात्र स्थिर राहील. आता आभाळात खुंटी कोण ठोकणार! पण गाडी किती हलते ते मोजून संगणकाने क्षणाक्षणाला शॉकअप कडक-नरम केला, तर परिणाम बराचसा तसाच मिळतो. याहून पुढची तऱ्हा म्हणजे तेलाच्या दाबाने चाक खड्ड्यात खाली रेटायचे आणि उंचवट्यावर वर घ्यायचे. याला मात्र पंप लागतो, आणि पंप इंजिनाची ताकद खातो.

अशी यंत्रणा लावलेल्या लोटस गाडीने १९८७ साली आयर्टन सेना यांनी मोनॅकोची शर्यत जिंकली. १९९२ साली विल्यम्सच्या गाडीवर नायजेल मॅन्सेल जगज्जेते झाले. पुढे १९९४ पासून त्या शर्यतींत ही युक्ती बंदच केली गेली. डोळे सर्वांत शेवटी आले. २०१३ च्या एका मर्सिडीज गाडीत कॅमेरा पुढचा रस्ता आधीच पाहून ठेवू लागला. अर्थात पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा तळ त्यालाही दिसायचा नाही.

ही झाली श्रीमंतांची वाहने. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांना पाटे नसतातच; ढेकळांचा सारा हादरा टायर आणि सीटखालची स्प्रिंग मिळून जेवढा झेलतील तेवढा. उरलेला चालवणाऱ्याच्या मणक्यात जातो. परदेशांतल्या काही मोठ्या ट्रॅक्टरांत हीच संगणकाची युक्ती नुसत्या सीटखाली बसवतात. आपल्याही पुष्कळ ट्रॅक्टरांच्या सीटला वजनाप्रमाणे स्प्रिंग कमीजास्त करायची मूठ असते. बाप उतरून मुलगा बसला, की ती फिरवायची असते. तुमच्याकडची गंजून घट्ट बसली असेल, तर आधी तिला तेल सोडा.