सुरसुंदरीचे हात काय करतात?

औंढा नागनाथचे मंदिर 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. परभणीतल्या पेडगावसारख्या गावातून तिथे जाणारा भाविक गाभाऱ्यात दर्शन घेतो, पण बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींपाशी, म्हणजे तिथे कोरलेल्या स्त्रीमूर्तींपाशी थांबला, तरी त्याची नजर त्यांच्या बांध्यावर आणि दागिन्यांवर जाते. मूर्तीची खरी ओळख तिथे नाही. मराठवाड्यातल्या मंदिरांवर या स्त्रियांचे चेहरे आणि बांधे जवळपास एकाच साच्यातले असतात. एकीला दुसरीपासून वेगळे करते ते तिचे काम. आरशात पाहणारी दर्पणा, मूल कडेवर घेतलेली पुत्रवल्लभा, लुगडे ओढणाऱ्या माकडाला हाकलणारी मर्कटी, लिहिणारी पत्रलेखा. ‘क्षीरार्णवा’सारख्या शिल्पग्रंथांनी यांतल्या अनेकींना नावे दिली, तीही रूपावरून कमी आणि कृतीवरून अधिक.

सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातल्या जलसंगी इथल्या मंदिरावर तर लिहिणारी स्त्री चक्क चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (1076–1126) याची प्रशस्ती कोरते आहे आणि ती अक्षरे आजही वाचता येतात. यावर कोणी म्हणेल, घडवणारे पुरुष, पैसा राजाचा आणि ती लिहिते तेही राजाचेच कौतुक. यावरून बायका शिकलेल्या होत्या असे कसे म्हणायचे? आक्षेप रास्त आहे. एका मूर्तीवरून घरोघरच्या साक्षरतेचा निष्कर्ष काढता येत नाही. पण लेखणी धरलेली स्त्री देवळाच्या भिंतीवर शोभते, पाहणाऱ्याला ती विपरीत वाटणार नाही, एवढा भरवसा शिल्पकाराला होता. तो भरवसा निराधारही नव्हता. त्याच चालुक्य घराण्यातली अक्कादेवी अकराव्या शतकात किसुकाडू प्रांताचा कारभार पाहत होती, आणि त्याच्या कितीतरी आधी नाशिकच्या लेण्याचे दान सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने स्वतःच्या नावाने कोरून ठेवले होते.

देवळावर असली शिल्पे अश्लील, हा दुसरा आक्षेप. घडवणाऱ्यांना तसे वाटत नव्हते. ओडिशातला शिल्पग्रंथ ‘शिल्पप्रकाश’ स्त्रीमूर्तीवाचून वास्तू निष्फळ मानतो. आपल्याच नजरेचा दोष मूर्तीच्या माथी मारणे बरे नव्हे. खरे नुकसान होते ते ऑइल पेंटच्या थरांनी, कारण बोटांतली लेखणी आणि आरशाची कड त्याखाली बुजून जाते. गावच्या जुन्या देवळाला रंग द्यायचे ठरले, तर निदान मूर्ती तेवढ्या वगळा.