मुरूम लागला म्हणजे पाया लागला काय?

घर बांधू इच्छिणाऱ्या गृहस्थाला जागेची माती आधी तपासून घ्या असे सुचविले असता, मग तो तालुक्याच्या गावी दोन गुंठ्यांवर बंगला उभारणारा निवृत्त शिक्षक असो की शहरालगत सात मजली इमारतीची तजवीज करणारा व्यावसायिक असो, त्याच्याकडून, त्याच्या मिस्त्रीकडून आणि खेदाची गोष्ट म्हणजे कित्येकदा त्याच्या अभियंत्याकडूनही एकच उत्तर मिळते: ''आपल्याकडे चार-पाच फुटांवर मुरूम लागतो, तपासायचे काय त्यात?'' हे उत्तर इतक्या निःशंक स्वरात दिले जाते, आणि पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाचा इतका भक्कम हवाला त्याच्या पाठीशी उभा केला जातो, की प्रश्न विचारणाराच अडाणी ठरावा. वस्तुतः या एका वाक्यात तीन गृहीतके दडलेली आहेत: मुरूम हा सर्वत्र सारख्याच गुणाचा पदार्थ आहे, त्याच्या खाली जे असेल ते त्याहून कठीणच असणार, आणि प्लॉटच्या एका कोपऱ्यात जे लागले तेच उरलेल्या जागेत लागेल. यांपैकी एकही गृहीतक विश्वासार्ह नाही.

दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरत गेलेल्या लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनले आहे, आणि मुरूम म्हणजे त्याच बेसॉल्ट खडकाची ऊन, पाणी व हवा यांच्या योगाने झालेली अर्धीमुर्धी झीज. ही झीज वरून खाली टप्प्याटप्प्याने उतरत जाते. वर काळी माती, तिच्याखाली पुष्कळदा चुनखडीचे खडे मिसळलेला पिवळसर थर, मग मुरूम, मग कुदळीला दाद न देणारा पण पहारीने निघणारा मांजऱ्या खडक, आणि अखेर काळा पाषाण, असा क्रम विहिरी खणणाऱ्यांना पाठ असतो. पण या क्रमातला प्रत्येक थर किती जाडीचा असेल, किंबहुना तो त्या जागी असेलच की नाही, हे खडकाच्या जातीवर, त्यातील भेगांवर, जमिनीच्या उतारावर आणि पाण्याच्या वाटेवर अवलंबून असते. एका मुरुमात हाताच्या बोटांनी चुरगळणारा, ओला होताच लिबलिबीत होणारा चिकण अंश निम्म्याहून अधिक असतो; दुसरा मुरूम भिजला तरी आपला आकार सोडत नाही. उन्हाळ्यात खड्ड्याच्या तळाशी दोन्ही सारखेच पिवळे आणि सारखेच टणक दिसतात, आणि मिस्त्री पहार आपटून जो 'ठण्ण' आवाज ऐकवितो तो दोन्ही ठिकाणी सारखाच येतो.

याहून अधिक फसवे प्रकरण धोंड्यांचे आहे. बेसॉल्टमधील आडव्याउभ्या सांध्यांतून पाणी शिरते आणि खडकाचा प्रत्येक ठोकळा कडांकडून आत झिजत जातो, त्यामुळे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटून मध्ये एक गोलाकार, अत्यंत कठीण गाभा शिल्लक राहतो. घाटमाथ्यावरच्या कोणत्याही रस्त्याच्या कापणीत मऊ मुरुमात रुतून बसलेले असे काळे गोटे दिसतात. पायाच्या खड्ड्यात असा एखादा दीड मीटर व्यासाचा गोटा लागला म्हणजे 'पाषाण लागला' अशी आरोळी उठते, खणणे थांबते, आणि त्यावर खांबाचा पाया टाकला जातो. शेजारच्या खांबाखाली मात्र गोटा नसतो, मुरूमच असतो. एकाच इमारतीचा एक पाय दगडावर आणि दुसरा मातीवर आला की दोन्ही ठिकाणचे खचणे असमान होते. संपूर्ण इमारत सारखी दोन-तीन सेंटिमीटर खाली बसली तर तिला सहसा इजा होत नाही. लगतच्या दोन खांबांत तेवढाच फरक पडला तर तुळया आणि भिंती तडकतात. म्हणूनच खडक लागल्यावरही छिद्रण तेथेच न थांबविता साधारणतः तीन मीटर तरी आत नेण्याचा आणि निघालेल्या गाभ्यात दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची एकूण लांबी किती भरते हे मोजण्याचा प्रघात आहे. सलग खडक आणि एकाकी गोटा यांतला भेद पहारीच्या आवाजाने नव्हे, या मोजणीने कळतो.

आणि सलग खडक लागला तरी? दोन लाव्हाथरांच्या दरम्यान तांबड्या, गेरूसारख्या मातीचा पट्टा अनेक ठिकाणी आढळतो. वरचा थर कठीण, खालचा थर कठीण, आणि मध्ये हवापाणी लागताच फुगून सुटणारी ही तांबडी माती, अशी रचना धरणांच्या आणि बोगद्यांच्या कामांवर असलेल्या भूवैज्ञानिकांच्या चांगल्या परिचयाची आहे. 'खाली गेले की अधिक कठीणच लागणार' हा नियम निसर्गाने कोठेही लिहून दिलेला नाही.

हा भ्रम केवळ आपल्या मिस्त्रींचा आहे असे मात्र नव्हे. कॅनडात विनिपेगनजीक ट्रान्सकोना येथे बांधलेल्या धान्यकोठाराचा पाया ज्या चिकणमातीवर होता, तिची खड्ड्याच्या तळाशी भार ठेवून चाचणी घेण्यात आली होती आणि ती समाधानकारक ठरली होती. 1913 च्या शरदात कोठार भरू लागले आणि 18 ऑक्टोबर रोजी ते खचू लागले. पहिल्या तासातच ते सुमारे एक फूट खाली गेले आणि एका दिवसाच्या आत जवळजवळ 27 अंशांनी कलून राहिले. चाचणी खोटी नव्हती. ती अपुरी होती. वरच्या टणक चिकणमातीखाली मऊ चिकणमातीचा थर होता, आणि त्याचा पत्ता कित्येक दशकांनंतर केलेल्या छिद्रणांतून लागला. पेक आणि ब्रायंट या अभियंत्यांनी 1953 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. कारण सरळ आहे. पायाचा भार जमिनीत त्याच्या रुंदीच्या साधारण दीड ते दोन पट खोलीपर्यंत जाणवतो. चाचणीची लोखंडी पाटी 30 ते 75 सेंटिमीटरांची, म्हणून तिला जेमतेम एक-दीड मीटरपर्यंतची माती कळते. अडीच मीटर रुंदीच्या खांबाच्या पायाला चार-पाच मीटर खोल माती कळते, आणि ट्रान्सकोनाच्या साडेतेवीस मीटर रुंदीच्या पायाला तळाच्या खडकापर्यंतची सगळीच कळली. 'खड्ड्याचा तळ पाहिला' असे म्हणणाऱ्याने पाहिलेले असते ते केवळ या भारक्षेत्राचे झाकण.

कोकणात आणि गोव्यात मुरुमाची जागा जांभ्याने घेतली आहे, भ्रम तोच. जांभ्याचा वरचा कवचासारखा थर उघड्या हवेत घट्ट होतो, त्याचे चिरे काढून घरे बांधली जातात, आणि म्हणून 'जांभ्याच्या सड्यावर चाचणी कसली' असा प्रश्न तेथे केला जातो. परंतु या कवचाखाली पांढरट-गुलाबी, साबणासारखी मऊ चिकणमाती असणे ही जांभ्याच्या घडणीतीलच गोष्ट आहे, आणि पाण्याने ती वाहून जाऊन कवचाखाली पोकळ्या राहिल्याचीही उदाहरणे आहेत. तेथे खोल पाया घेण्याच्या हौसेने कवच फोडणे हे कवचावर राहण्याहून वाईट ठरू शकते. कवच किती जाड आहे हे मोजल्याशिवाय यांतला कोणताही निर्णय अंधारातलाच.

शिवाय महाराष्ट्रात सर्वत्र हाताशी खडक आहे ही समजूतही खरी नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या भागांतील पूर्णेच्या खोऱ्यात नदीचा गाळ कित्येक ठिकाणी शंभर मीटरहून अधिक जाडीचा आहे, आणि मुंबईच्या खाडीकाठी भरावाखाली इतका मऊ चिखल आहे की नळी ठोकून माती जोखण्याच्या चाचणीतला 63.5 किलोचा घण 75 सेंटिमीटरवरून टाकण्यापूर्वीच नळी आपल्याच वजनाने खाली उतरावी.

आता काळ्या मातीविषयी, कारण येथे गैरसमज उलट्या दिशेने काम करतो. 'माझे घर एकमजली, हलके. मोठ्या इमारतींनी माती तपासावी' असे सांगणाऱ्या गृहस्थाला कळतच नाही की काळ्या मातीत सर्वांत अधिक धोका हलक्या घरालाच असतो. या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. फुगताना ते जो दाब वर लावते तो दर चौरस मीटरला 10 टन किंवा त्याहूनही अधिक असू शकतो, आणि एकमजली घराच्या भिंतीचा भार पुष्कळदा त्याच्या निम्माही भरत नाही. मोठी इमारत माती दाबून धरते; लहान घर तिच्याबरोबर दर पावसाळ्यात उचलले जाते आणि दर उन्हाळ्यात खाली येते, तेही सगळीकडे सारखे नव्हे, कारण घराच्या कडेची माती भिजते-वाळते आणि मधली तशीच राहते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरपी भेग आणि आषाढात न लागणारे दार यांचे मूळ सिमेंटच्या दर्जात शोधण्यात लोकांनी किती पैसा घालविला असेल! या मातीवर उपाय आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने फुगीर बुडाच्या खांबपायांची पद्धत या देशात रूढ केली, आणि संबंधित भारतीय मानकाने काळ्या मातीच्या खोल थरात अशा पायांची खोली किमान साडेतीन मीटर ठरविली. पवईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराने ही माती दाबून ठेवण्याचे तंत्र विकसित केले, आणि योग्य गुणाचा मुरूम त्या कामी चांगला उपयोगी पडतो. परंतु माती किती फुगते हे प्रयोगशाळेत मोजल्याविना यांतला कोणता उपाय लागू करावा हे कोणी सांगू शकत नाही.

किरकोळ गैरसमजांचा परामर्श थोडक्यात घेतो. शेजाऱ्याने तीन मजले चढविले व ते उभे आहेत, यावरून शेजाऱ्याच्या जमिनीविषयीच काय ते कळते; बुजविलेला नाला, जुनी विहीर किंवा मुरमाची खाण दोन प्लॉटांच्या हद्दीवरच संपत असू शकते. अकृषिक परवाना मिळाला म्हणजे जमीन बांधकामास लायक ठरली असे नव्हे, तो महसुली दाखला आहे आणि त्यात मातीच्या धारणक्षमतेचा एक शब्दही नसतो. बोअरवेल घेताना 'वीस फुटांवर दगड लागला' ही नोंद पायासाठी निरुपयोगी, कारण तेथे खडकाचा भुगा वर येतो, त्याचा नमुना येत नाही. भरावाने एक पावसाळा खाल्ला की तो बसतो, हेही खरे नाही. थराथराने पाणी मारून व रोलर फिरवून न दाबलेला भराव वर्षानुवर्षे बसत राहतो. हातभर खड्डा खणून तीच माती परत भरावी आणि उरली तर भूमी उत्तम मानावी ही परीक्षा वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे आणि तिच्यामागे घट्ट मातीची पारख आहे, तेव्हा तिला हसण्याचे कारण नाही. मात्र ती एका हाताची परीक्षा आहे, आणि उन्हाळ्यात कडक झालेली काळी माती ढेकळांनी उरून तीत हटकून उत्तीर्ण होईल. भूकंपाची हानी केंद्रापासूनच्या अंतरावरच ठरते असेही नाही: 1985 मध्ये मेक्सिको शहर केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटर दूर असूनही जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर वसलेला त्याचा भाग उद्ध्वस्त झाला.

राहिला खर्चाचा आक्षेप. आयएस 1892 या मानकाच्या 1979 च्या आवृत्तीने सुमारे 0.4 हेक्टर जागेसाठी चार कोपऱ्यांत चार व मध्ये एक अशी पाच छिद्रे किंवा चाचणीखड्डे पुरेसे मानले, आणि लहान, कमी महत्त्वाच्या इमारतीला मध्यभागी एकही चालेल असे म्हटले. म्हणजे दोन गुंठ्यांच्या गृहस्थाकडून कोणी डोंगर पोखरण्याची अपेक्षा करीत नाही. अपेक्षा एवढीच, की हे काम नकाशा मंजूर होऊन पायाची खोली ठरल्यानंतर केवळ दफ्तर पुरे करण्यासाठी न करता त्याआधी करावे. अहवालात प्रत्येक छिद्राची जागा, थरांचा तपशील, भूजलाची पातळी आणि ती कोणत्या महिन्यात मोजली याची नोंद आहे की नाही हे पाहून घ्यावे, कारण मे महिन्यातील कोरडे छिद्र ऑगस्टमधील पाण्याविषयी काहीच सांगत नाही. आणि प्रत्यक्ष खड्डे उघडले म्हणजे अहवाल लिहिणाऱ्यालाच बोलावून प्रत्येक तळ दाखवावा. अहवालात नसलेला थर दिसला तर काम तेथेच थांबवावे, आणि सर्व जुळले तर त्याच दिवशी तळावर काँक्रीटचा थर टाकून घ्यावा, कारण चांगल्यात चांगला मुरूमही उघडा राहून एका पावसात भिजला की वरचा वीतभर भाग पुन्हा खरवडून काढावा लागतो.