नांगरासाठी वाजलेला पियानो

मे १८४६. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पर्थ तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचं गाव होतं. तिथल्या न्यायालयाच्या दालनात एका स्पॅनिश साधूचा पियानोवादनाचा जलसा झाला. वय बत्तीस, नाव रोसेंदो साल्वादो. झग्याच्या रानातल्या काट्यांनी चिंध्या झालेल्या, जोड्यांतून बोटं बाहेर आलेली. दालन गव्हर्नरांनी दिलं होतं, पियानो मर्सी सिस्टर्स या कॅथलिक जोगिणींचा, दिव्यांची सोय अँग्लिकन धर्मगुरूंची आणि येणाऱ्यांची व्यवस्था पाहत होते एक ज्यू गृहस्थ. दोन-तीन तास वाजवून जे पैसे जमले, त्यातून नांगर-बैलांची तजवीज करून साल्वादो पुन्हा रानात चालता झाला.

त्या रानातल्या मिशनचं नाव न्यू नॉर्सिया. पर्थच्या उत्तरेला १३२ किलोमीटरवर, नूंगार या आदिवासी लोकांपैकी यूएड समूहाच्या भूमीत ते वसलं.

साल्वादो आणि त्याचा सोबती होसे सेर्रा हे दोघेही बेनेडिक्टाइन पंथाचे. १८३५ मध्ये स्पेनच्या सरकारनं मठच बंद केले, तेव्हा दोघांनी इटलीत नेपल्सजवळच्या ला कावा मठाचा आसरा घेतला. तिथून पर्थचे बिशप ब्रॅडी यांच्याबरोबर जानेवारी १८४६ मध्ये ते ऑस्ट्रेलियाला पोचले आणि १ मार्चला मिशनची सुरुवात केली. पहिला बेत मोठा अजब होता. मठ बांधायचाच नाही. नूंगार जिथे जातील तिथे त्यांच्यामागून जायचं, ते खातील ते खायचं. भाल्यांनिशी आलेल्या माणसांपुढे या साधूंनी पाव आणि साखर ठेवली आणि ओळख झाली. पण फिरत्या जिण्यात या युरोपियनांची उपासमार होऊ लागली, आणि गोऱ्या मेंढपाळांची कुरणं पसरत होती तशी नूंगारांचीही शिकारीची जागा आक्रसत चालली होती. साल्वादोनं ओळखलं, की इथे उपदेशाआधी जमीन नांगरायला हवी. मग १ मार्च १८४७ रोजी मठाची पायाभरणी झाली. नाव ठेवलं संत बेनेडिक्टच्या जन्मगावावरून, इटलीतल्या नॉर्सियावरून.

साल्वादोला १८४९ मध्ये पोर्ट व्हिक्टोरियाचा बिशप नेमलं गेलं. हे ठाणं पार उत्तर किनाऱ्यावर, आणि त्याच वर्षी ब्रिटिशांनी ते सोडून दिलं. म्हणजे बिशप आहे, पण माणसं नाहीत! तो न्यू नॉर्सियात रमला हे बरंच झालं.

त्याची रीत इतर मिशनऱ्यांहून वेगळी होती. नूंगारांची भाषा तो शिकला, तिचे शब्द त्यानं आपल्या इटालियन पुस्तकात छापले. लग्न झालेल्या जोडप्यांना स्वतंत्र घरं दिली, कामाची मजुरी दिली, शिकारीला जाण्यावर बंदी घातली नाही. गहू पिकू लागला, मेंढ्यांचे कळप वाढले. वसाहतींतल्या स्थानिक मुलांच्या आरोग्याची पाहणी फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८६३ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यातही साल्वादोचे अनुभव आहेत. चार भिंतींत कोंडलं की ही माणसं खंगतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

१८७०च्या दशकात गावात तारयंत्र आलं. ते चालवलं मेरी एलन कूपर या नूंगार वंशाच्या तरुणीनं. पोस्टाचं कामही तिच्याकडेच होतं. १८७७ मध्ये क्षयानं ती गेली. पुढे १८७९च्या सुमारास इथल्या आदिवासी मुलांचा क्रिकेट संघ उभा राहिला. सामन्यासाठी ते पर्थपर्यंत पायी जात आणि गोऱ्यांच्या संघांना हरवून येत. लोक त्यांना ‘अजिंक्य’ म्हणू लागले. क्रिकेटचं प्रेम साहेबाकडून कोणी कसं उचललं, याच्या आपल्याकडच्या कथा आपण कौतुकानं सांगतो. ही कथाही त्या पंक्तीत बसायला हवी.

इथवरची गोष्ट गोड आहे, आणि बरीचशी पुस्तकं इथेच थांबतात. माझ्या मते तिथे थांबणं हा अप्रामाणिकपणा आहे. साल्वादोनं १८४९ मध्ये कोनाची आणि दिरिमेरा अशी दोन नूंगार मुलं साधू घडवण्यासाठी युरोपला नेली. कोनाची १८५३ मध्ये तिथेच वारला. दिरिमेरा मायदेशी परतला, पण १८५५ मध्ये तोही गेला. मुलामुलींची वसतिगृहंही साल्वादोच्याच काळात सुरू झाली. हेतू शिक्षणाचा असेल, पण लेकरू आईबापांपासून वेगळं ठेवण्याची वाट तिथेच पडली. १९००च्या डिसेंबरात तो रोममध्ये वारला. नंतरच्या मठाधिपतींचं लक्ष गोऱ्या मुलामुलींच्या मोठ्या शाळांकडे वळलं आणि १९०५च्या कायद्यानं आदिवासी मुलांचा ताबा सरकारी अधिकाऱ्याकडे दिला. मिशनमधल्या आदिवासी मुलांच्या संस्था १९७०च्या दशकापर्यंत चालल्या. तिथे वाढलेल्यांनी पुढे मारहाण आणि अत्याचाराच्या कहाण्या सांगितल्या; बालकांवरील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगासमोरही न्यू नॉर्सियाचं नाव आलं. संस्थापकाच्या भलेपणावर संस्था फार तर एक पिढी तगते. पुढे तिला नियम चालवतात, आणि इथे नियम सरकारचे होते.

साल्वादोचे अवशेष १९०३ मध्ये रोमहून आणून मठाच्या चर्चमध्ये पुरले. गावाची मालकी आजही मठाकडेच आहे. साधू मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. पर्थला बरीच मराठी कुटुंबं आहेत. कोणाकडे जाणं झालं, तर एक दिवस न्यू नॉर्सियासाठी काढा. ऑलिव्हचं तेल आणि पाव घ्या, चर्च बघा. संग्रहालयात गेलात तर एवढं ठाऊक असू द्या, की ते सेंट जोसेफमध्ये आहे, आणि सेंट जोसेफ म्हणजे आदिवासी मुलींना ठेवत ती इमारत.