कागदावर मेलेलं, रानात जिवंत



हयातीचा दाखला वेळेत गेला नाही की एखाद्या मावशीची पेन्शन थांबते. मग जिवंत माणसालाच ‘मी जिवंत आहे’ म्हणून फेऱ्या माराव्या लागतात. आपल्याला हे नवीन नाही. पण एका रोपाचंही असंच झालं होतं.

हे रोप दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशातलं. तिथे अँडीज पर्वताच्या पायथ्याला सेंटिनेला नावाची डोंगरधार आहे. धुकं झाडांना अडून राहतं आणि पाऊस नसला तरी पानांवरून पाणी ठिबकत असतं, अशा रानाला ढगांचं जंगल म्हणतात. तिथे जमिनीलगत हे लहानसं रोप वाढतं. फुलं भडक नारिंगी, आणि खालच्या बाजूला पोट सुटल्यासारखा फुगवटा!

1970-80 च्या दशकांत डॉडसन आणि जेंट्री या अभ्यासकांनी सेंटिनेलातल्या वनस्पतींचे नमुने गोळा केले. नमुना करायची रीत सोपी आहे. फुलासकट फांदी वर्तमानपत्रात पसरायची, वजनाखाली दाबून वाळवायची आणि जाड कागदावर चिकटवायची. कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: कुठे, कधी, कुणी तोडली, फुलाचा रंग कोणता. रंग लिहावाच लागतो, कारण वाळल्यावर तो उडतो. असे कागद जिथे जपतात ते हर्बेरियम. चिठ्ठी नसली तर तो नुसता वाळका पाला. आपल्या इतिवृत्तात तारीख आणि सह्या नसल्या तर काय होतं, तसंच.

पुढे तिथलं जंगल तोडून शेती झाली. 2000 साली स्कॉग आणि क्विस्ट यांनी ते वाळके नमुने तपासले आणि ही नवी जात असल्याचं ओळखलं. पण जंगलच उरलं नाही असं धरून नाव ठेवलं ‘गॅस्टेरँथस एक्स्टिंक्टस’, म्हणजे नामशेष झालेलं. बारशालाच तेरावं! मला यात मोठा धोका वाटतो. मेलं म्हणून लिहिलं की शोधायला कोण जाणार? आणि उरलंसुरलं रान तरी कोण राखणार?

तरी काहीजण गेले. उपग्रहाच्या चित्रांवरून त्यांनी जंगलाचे उरलेले तुकडे हेरले. नोव्हेंबर 2021 मध्ये, शोधाच्या पहिल्याच दिवशी, नारिंगी फुलं दिसली. खात्री होईपर्यंत त्यांनी रोप उपटलं नाही. फोटो काढले आणि गळालेली फुलं तेवढी उचलली. नाव मात्र नियमाप्रमाणे तेच राहिलं. नंतर ठिकठिकाणच्या हर्बेरियममधले कागद पडताळले, तेव्हा फक्त सेंटिनेलातच होत्या असं मानलेल्या जवळपास सगळ्या जाती दुसरीकडेही सापडल्याच्या नोंदी निघाल्या.

आपल्याकडेही 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठरवून दिली आहे. येत्या ग्रामसभेत ती वही बघायला मागा. कोणती रानभाजी कुठल्या माळावर, कोणत्या महिन्यात येते, हे तुम्हाला तोंडपाठ आहे, ते त्यात लिहिलंय का ते पाहा. आणि एखादीपुढे ‘आता मिळत नाही’ असं लिहायचं झालं, तर आधी पलीकडच्या वाडीतल्या बायकांना विचारून घ्या.