शुगर नॉर्मल, तरी तहान का?

किडनीचा कॅन्सर पसरला की तो बहुधा फुप्फुसात, हाडांत, यकृतात जातो. क्वचित मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतही. प्रकार दुर्मिळ, त्यामुळे गैरसमजांना मोकळे रान.

‘ऑपरेशनला दहा वर्षं झाली, आता कसली भीती?’ हा कॅन्सर उशिरा परतण्यासाठीच कुप्रसिद्ध आहे; दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढतो. पिट्युटरीतल्या गाठीमुळे कडेचे दिसेनासे झाले म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेला माणूस जुन्या ऑपरेशनचा विषयच काढत नाही. एमआरआयमध्ये गाठ दिसते आणि पिट्युटरीतल्या बहुतेक गाठी साध्या असल्याने ‘अॅडेनोमा’ असा अंदाज बांधला जातो. फोटोत साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ सारख्या दिसू शकतात. खात्री होते ती बायोप्सीत. शिवाय किडनीतून आलेली गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली, शस्त्रक्रियेत भरपूर रक्त जाऊ शकते. सर्जनला ते आधी माहीत असलेले बरे.

‘म्हणजे मेंदूचा कॅन्सर?’ नाही. जागा बदलली तरी पेशी किडनीच्याच. म्हणून उपचारही तसेच: टार्गेटेड गोळ्या, इम्युनोथेरपी, गाठीवर नेमके रेडिएशन. नेहमीची केमो इथे फारशी चालत नाही.

सर्वांत मोठा घोळ तहानेचा. रात्रभर लघवी, घसा कोरडा. घरचे म्हणतात, शुगर. तपासणीत साखर नॉर्मल. ग्रंथीच्या मागच्या भागातून सुटणारे, लघवी आटोक्यात ठेवणारे हार्मोन कमी पडले की असे होते. डेस्मोप्रेसिनने ते सावरते. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडणे मात्र धोक्याचे.

गंमत अशी की सोबत कॉर्टिसॉलही कमी असेल, तर ही तहान झाकली जाते. ती उणीव भरणारी स्टिरॉइडची गोळी सुरू होताच तहान उसळते आणि नातेवाईक म्हणतात, ‘गोळीनेच बिघडवलं.’ बिघाड आधीचाच, गोळीने फक्त उघडा पाडला. ती मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते. थायरॉइडची गोळीही कॉर्टिसॉलची उणीव भरल्यानंतरच सुरू करतात. आणि थायरॉइड तपासताना इथे नुसत्या टीएसएचवर विसंबू नये. ग्रंथीच बिघडली असेल तर तो आकडा नॉर्मल दिसूनही थायरॉइड कमी असू शकते; फ्री टी-४ पाहावे लागते.

उलट चूकही होते. किडनीच्या कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीने, विशेषतः इपिलिमुमॅबने, पिट्युटरीला सूज येऊ शकते. म्हणजे ग्रंथी फुगलेली दिसली की कॅन्सर पसरलाच असे नाही. चालू औषधांची यादी म्हणूनच स्कॅनच्या फाइलीला जोडून न्यावी.