पस्तीस अडथळे, पस्तीस सेकंद

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांमधून, धुऱ्याधुऱ्याने पुढच्या गावाला निघालेल्या माणसाची नजर तिथल्या देवळाच्या कळसावर असते. वाटेत नाला लागतो, कुंपण लागतं, चिखल लागतो. ‘स्टीपलचेस’ ही शर्यत अशाच वाटचालीतून जन्मली. १७५२ मध्ये आयर्लंडमधल्या दोन घोडेस्वारांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत पैज लावली. चर्चचा उंच मनोरा म्हणजे स्टीपल. तो समोर ठेवायचा आणि मध्ये येईल ते ओलांडत सुटायचं. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या विद्यार्थ्यांनी हा खेळ घोड्याविना सुरू केला. कुंपणाच्या जागी लाकडी अडथळा आला आणि ओढ्याच्या जागी पाण्याचा खड्डा.

आपल्याकडे तिला सरसकट अडथळ्यांची शर्यत म्हणतात आणि तिथे घोळ होतो. ११० किंवा ४०० मीटर हर्डल्समधला अडथळा पाय लागला की पुढे कलंडतो. स्टीपलचेसचा अडथळा जड असतो, तो हलत नाही. पाय अडकला तर पडतो तो धावणारा. त्यावर पाय ठेवून पुढे जायला मात्र पूर्ण मुभा आहे. पुरुषांसाठी त्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, महिलांसाठी ७६.२. तीन हजार मीटरमध्ये असे २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी, म्हणजे एकूण ३५ वेळा जमीन सोडावी लागते. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब, अडथळ्याजवळ सर्वांत खोल आणि पुढे चढत जाणारा. त्यामुळे जो लांब उडी घेतो, तो उथळ पाण्यात उतरतो.

या ३५ उड्यांची किंमत किती? पुरुषांच्या सपाट ३००० मीटरचा विश्वविक्रम ७ मिनिटे १७.५५ सेकंदांचा, नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसनचा. स्टीपलचेसचा ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा, इथिओपियाच्या लमेचा गिर्माचा. फरक ३४.५६ सेकंदांचा, म्हणजे दर अडथळ्यामागे जवळजवळ नेमका एक सेकंद. दोन विक्रम दोन वेगळ्या माणसांचे आहेत हे खरं, पण महिलांच्या विक्रमांतला फरकही ३८ सेकंदांच्या आसपास येतो. हा आकडा योगायोगाचा वाटत नाही.

हा सेकंद जातो कुठे, हा मला या शर्यतीतला सगळ्यात रंजक प्रश्न वाटतो. शरीर वर उचलण्यात शक्ती खर्च होते, हे पहिलं उत्तर सुचतं. ढोबळ हिशेब करू. ६० किलोचा धावपटू प्रत्येक अडथळ्यावर आपला गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर उचलतो असं धरू. एका उडीला सुमारे १७६ ज्यूल, ३५ उड्यांना सहा हजारांच्या वर. खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच स्नायू प्रत्यक्ष कामात उतरवतात, म्हणून शरीराला पडणारा खर्च सहा किलोकॅलरी. याउलट तीन किलोमीटर धावायला या माणसाला सुमारे १८० किलोकॅलरी लागतात. म्हणजे उचलण्याचा खर्च तीन-साडेतीन टक्के, आणि वेळ वाढतो जवळपास आठ टक्क्यांनी!

उरलेलं नुकसान लय मोडण्याचं आहे. धावताना टाचेमागचा जाड स्नायुबंध प्रत्येक पावलाला ताणला जातो आणि साठवलेली ऊर्जा पुढच्या पावलाला परत देतो. अडथळ्यापाशी ही देवघेव तुटते. आधी पाऊल लहान-मोठं करून उडीची जागा साधायची, मग हवेत तरंगायचं (हवेत वेग वाढवता येत नाही), मग उतरताना जमिनीचा उलटा धक्का सोसायचा आणि गेलेला वेग पुन्हा कमवायचा. त्यात पुढच्या धावपटूंच्या गर्दीत अडथळा अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाही. ४०० मीटर हर्डल्सवाला पावलं मोजून पळतो. इथे ती सोय नाही. नजर आणि दोन्ही पायांची उडी तयार लागते.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा अविनाश साबळे हे सगळं आकड्यांत दाखवून देतो. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं सुवर्ण ८ मिनिटे १९.५० सेकंदांत घेतलं आणि तीनच दिवसांनी ५००० मीटरचं रौप्य १३ मिनिटे २१.०९ सेकंदांत. भागाकार करून पाहा. स्टीपलचेसमध्ये किलोमीटरला १६६.५ सेकंद, त्याहून दोन किलोमीटर लांब शर्यतीत १६०.२! स्टीपलचेसमध्ये अखेरीस त्याच्या आसपास कोणी नव्हतं, त्यामुळे त्याने सगळा जोर लावला नसेलही. पण २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये सर्वस्व पणाला लावून केलेल्या ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांच्या राष्ट्रीय विक्रमातही किलोमीटरला १६३ सेकंद लागलेच.

साबळे सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचिनला राहिला आणि धावण्याकडे त्यानंतर वळला. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोटपेक्षा तो ०.०५ सेकंदांनी मागे राहिला. त्या वेगात हे अंतर जेमतेम फूटभर भरतं. पाण्याने त्याच्याकडून मोठी किंमतही वसूल केली: जुलै २०२५ मध्ये मोनॅकोत पाण्याच्या उडीपाशी तो पडला, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

त्याच्याआधी साताऱ्याच्या माण तालुक्यातली, मोहीची ललिता बाबर. रिओ २०१६ मध्ये ती अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत पात्रता फेरी पार करून ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला १९८४ च्या पी. टी. उषानंतर पहिल्यांदाच दिसली. महिलांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी २००८ मध्ये. पुरुषांची १९०० पासून आहे.

आष्टी आणि माण, दोन्ही तालुके दुष्काळी, आणि तिथली मुलं पाण्यावरून उड्या मारण्याच्या शर्यतीत जगासमोर उभी राहिली. पाण्याने भरलेल्या बांध्यांच्या भंडाऱ्यातून एखादं नाव का येऊ नये? पोलीस भरतीसाठी मुलं १६०० आणि मुली ८०० मीटरचा सराव करतातच. दमाचा पाया तिथे घातला जातो. त्यातल्या काहींना अडथळा दाखवून पाहायला हवा. सुरुवातीला पाणी लागत नाही. गुडघ्याइतक्या उंचीचा, पडला तरी चालेल असा हलका अडथळा, उतरायला मऊ वाळू, आणि दर फेरीला उडीचा पाय बदलायचा. उंची नंतर वाढवायची, पक्का अडथळा त्यानंतर, आणि पाणी सगळ्यात शेवटी.